गुंडाच्या जाड तारा

आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष महिपतीआण्णा पाहुण्यांना एक गोष्ट हटकून सांगायचे. "आमचा गुंडा पेटीचा सूर मागत न्हाय. आपली आपण गिटार लावतो. कान बघा की त्येचा!" पेटी मी वाजवतो, त्यामुळं हे कौतुक ऐकताना माझ्या पोटात जरा दुखायचं. पण बोलायला तोंड नव्हतं, कारण गिटार खरोखरच माझ्या पेटीशी चोख जुळलेली असायची. गुंडाला नीट ऐकू येत नाही, आणि ते कुणाला कळेल या भीतीनं त्याला धड अन्न गोड लागत नाही, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी सयाजी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरताना डाव्या हाताला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गुंडा तिथून पुढच्याच एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर कामाला. मूळचा माळशिरसकडचा, धनगराघरचा. बाप मेंढरं राखायचा. हा लग्न झाल्यावर मायाक्काला घेऊन सोलापुरात आला आणि मागाच्या खडखडाटात शिरला तो शिरलाच. स्वभावानं गरीब. मी गिऱ्हाइकावर खेकसलो की हा हसून म्हणायचा, "दादा, हवा सायकलीत भरा, डोस्क्यात नगं." माझं डोकं लवकर तापतं हे खरंच आहे. सोलापूरच्या उन्हाला दोष देऊन मी वेळ मारून नेतो.

त्याची गिटारही जगावेगळी. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्यानं हात थरथरायला लागल्यावर ती त्याला देऊन टाकली होती. पोटावर भोकाच्या जागी पत्र्याचं जाळीदार गोल झाकण, आणि झाकणाखाली पापडासारखी पातळ ॲल्युमिनियमची वाटी. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्या वाटीवर बसते. तार छेडली की वाटी थरथरते आणि आवाज माईकशिवाय सभामंडपभर जातो. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हातानं छेडायचं. मंडळात आम्ही तिला 'ताटली' म्हणायचो. अभंगामागं ती ताटली रडायला लागली की भलेभले गप्प बसायचे.

त्याची मुलगी आरोही तिच्याच आवाजावर वाढली. रांगत होती तेव्हापासून गिटारीशेजारी बसायची. पेटी, तंबोरा असलं काही तिला कुणी दिलं नाही. बापाची तार हाच तिचा सूर. आता ती दहावीत होती आणि असं गायची की माझ्यासारखा तिरसट माणूससुद्धा ट्यूबला ठिगळ लावायचं थांबवून ऐकत बसे.

त्या रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता. आरोही पहिल्यांदा एकटी गाणार होती, मागं गुंडाची गिटार आणि माझी पेटी. टेंभुर्णीच्या सप्ताहात मंडळाकडून कोण गाणार हे महिपतीआण्णा त्याच दिवशी ठरवणार होते. पोरगी महिनाभर हवेत चालत होती. आणि आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, गुंडाच्या गिटारीची एक तार तुटली. बाकीच्याही झिजून तुटायला आलेल्या.

तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटलं, "अरे, तार तुटली, पाय नाही तुटला. चल, बाजारातनं आणू." तो जागचा हलेना. त्याला त्या एका ठरलेल्या पाकिटातल्याच तारा हव्या होत्या, आणि फोन केला तर दुकानदार म्हणाला होता, तो माल आता येतच नाही. मायाक्कानं फोनवर बोलून घेतलं होतं. फोनवर गुंडा स्वतः कधी बोलायचा नाही. आम्ही समजायचो, माणूस लाजाळू आहे.

वाद्यांच्या दुकानात त्या दिवशी मालकाची मुलगी राजनंदिनी होती. नुकतीच गाडीवरून उतरलेली, उन्हासाठी तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. तिनं दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली आणि स्कार्फमधूनच बोलायला लागली. एक सेट बारीक तारांचा, एक जाड. बारीक तारा कांडीखाली खडखडतात, पण वाटीवर भार टाकत नाहीत. जाड तारांचा आवाज मोठा आणि भरदार, पण त्या सुरात आणायच्या तर फार ताणाव्या लागतात. "काका, तुमच्या गिटारीची मान गोल आहे, फार ताण सोसत नाही, त्यात जुनी आहे. जाड तारा नका घेऊ. वाटी दबली तर मग काही खरं नाही."

"व्हय, व्हय," गुंडा म्हणाला आणि त्यानं जाड तारांचं पाकीट उचललं.

ती माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, गडी चेष्टा करतोय. तिनं मागच्या भिंतीवरच्या दोन गिटारी काढल्या. एकीला बारीक तारा, एकीला जाड. दोन्ही आळीपाळीनं छेडल्या आणि विचारलं, "यातला कुठला आवाज बरा वाटतो, सांगा की."

गुंडा बघत होता तो तिच्या बोटांकडं. मग माझ्या तोंडाकडं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला आणि भुवईत थांबला. पंखा भरधाव फिरत होता. मी काही बोलेना, तशी त्याची नजर पुन्हा तिच्या डोळ्यांवर गेली, मग दाराकडं. खाटकाच्या दारात उभं केलेलं कोकरू असं बघतं.

राजनंदिनीला उकडलं असावं. तिनं स्कार्फ सोडला, बाटलीतलं पाणी प्यायलं आणि पुन्हा विचारलं, "काका, बारीक देऊ की जाड?" आणि तिचं तोंड दिसल्याबरोबर गुंडानं चटकन उत्तर दिलं, "जाडच द्या, ताई. बारीक तार मांडीला लागत न्हाय."

मांडीला! तारेचा आवाज मांडीला लागायला हवा, असं कुठला वाजवणारा म्हणतो? एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. सायकलच्या दोन्ही बाजूंना त्यानं माझ्याकडून आरसे बसवून घेतले होते आणि मी "नवरीमुलगी" म्हणून त्याला चिडवलं होतं. मागून हाक मारली की तो कधी वळायचा नाही. भजनाला बसताना तो नेहमी सगळ्यांची तोंडं दिसतील अशी जागा धरायचा.

जाड तारांचं पाकीट घेऊन बाहेर आल्यावर मी त्याच्या मागं राहिलो आणि हळूच म्हटलं, "गुंडा, तुझ्या खिशातनं पैसे पडले." तो चालत राहिला. मग मी पुढं जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझा राग उफाळून आला. का आला ते मला अजून नीट सांगता येणार नाही. "कधीपासून?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. तो रसवंतीच्या बाकड्यावर मटकन बसला. रसवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले, त्यातला बर्फ विरघळला तरी त्यानं हात लावला नाही.

"आदी कानात रातकिडं वरडायला लागलं," तो म्हणाला. "म्हटलं, मागाचा आवाज डोस्क्यात बसलाय, जाईल. मग बारीक तार गेली. मग पाखरं गेली. आता जाड आवाज तेवडा येतो, त्योबी गोधडीत गुंडाळल्यावानी. मागावर कुणाला काय कळत न्हाय, दादा. तितं समदेच हातवाऱ्यानं बोलत्यात, न्हायतर ओठ बगून. तितं मी शाना. भाईर आलो की भ्या वाटतं. रस्त्यावर ट्रक मागनं येतोय का, भ्या वाटतं. कोन हाक मारतंय का, भ्या वाटतं. बोलताना माझा आवाज मोटा झाला का ल्हान, ते बी कळंना झालंय."

"आणि गिटार कशी लावतोस?"

त्यानं हवेत बोट दाबून दाखवलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, नीट ताणलाय का, हे विणकर बोटानं दाबून ओळखतो. तशी तो तार दाबून ओळखायचा. प्रत्येक तार किती घट्ट लागली की माझ्या पेटीला जुळते हे त्याच्या बोटानं कान शाबूत होते तेव्हाच शिकून ठेवलं होतं. तेच पाकीट, त्याच जाडीच्या तारा, म्हणून तेच बोट. कांडी कुठं ठेवायची ते मानेवरच्या खुणा बघून. आता पाकीट बदललं, तारांची जाडी बदलली, म्हणजे बोटाचं सगळं शिकणं पाण्यात.

"अरे, मग डॉक्टरला दाखव. मायाक्काला सांग."

तो इकडंतिकडं बघायला लागला, कुणी ऐकलं की काय म्हणून. "मुकादमाला कळलं तर मागावर ठीवंल का? माग बिघडल्याला आवाजावरनं कळतो, दादा. पर त्ये ऱ्हाऊ द्या. दुसरं काम बगीन." मग तो ग्लासावरचं पाणी बोटानं पुसायला लागला. "आरोहीचं गानं मला येत न्हाय. रोज सांजच्याला गाती, माझ्या तोंडाकडं बगती. मी मान डोलावतो, वा म्हणतो. तिला कळलं की बाप खोटंच वा म्हणत हुता, तर? पुन्यांदा गाईल का ती माझ्याम्होरं? कानाचं भ्या न्हाय वो आता. तिचंच भ्या वाटतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मी ती झाकून ठेवायचं कबूल केलं. आणि त्या क्षणापासून त्याच्या भीतीतला अर्धा वाटा माझ्या अंगावर आला.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तारा चढवल्या. मोबाईलवर सूर दाखवणारा काटा असतो, पण माझी पेटी आजोबांच्या काळातली, तिचा सूर त्या काट्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून मी पेटीवर सूर धरायचा, अंगठा वर केला की गुंडानं खुंटी पिळायची, मूठ मिटली की थांबायचं. पहिल्याच तारेला तो घाबरला. त्याचं बोट सांगत होतं, झालं. माझा अंगठा अजून वर. जाड तार तेवढ्या सुरात यायला फार ताणावी लागते. "तुटंल, दादा," तो म्हणायचा. वाटी आत कुरकुरली. ते मला ऐकू आलं, त्याला तळहाताला जाणवलं. राजनंदिनीनं वाटीबद्दल काय सांगितलं होतं ते मी त्याला तेव्हा सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोवर शब्द निघून गेला होता.

सगळ्या तारा सुरात आल्या. मी छेडून बघितल्या. आवाज असा की दुकानातल्या टांगलेल्या चाकांच्या तारा झणझणल्या. "संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस," मी बजावलं. त्यानं मान हलवली. माझं तोंड त्याच्यासमोरच होतं, त्यामुळं कळलं नाही असं म्हणता येणार नाही.

पण कळणं वेगळं आणि हाताची सवय वेगळी. माग बंद ठेवायचा असेल तर विणकर ताणा सैल सोडतो. ताणलेलं सूत तसंच ठेवलं तर दमतं, दुसऱ्या दिवशी तटातट तुटतं. ताणा ताणून जेवायला जाणारा विणकर कच्चा, हे गुंडाला पहिल्या उस्तादानं कानफटात मारून शिकवलेलं. घरी गेल्यावर त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि जेवायला बसला. डोळ्यांसमोर दबलेली वाटी. शेवटी तो उठला आणि सहाही तारा सैल केल्या. संध्याकाळी निघायच्या आधी पुन्हा ताणल्या. बोटानं दाबून. बोटाला पटेपर्यंत.

घरचं हे सगळं त्यानं मागाहून सांगितलं; तारा बिघडल्याचं मला कळलं ते आरोहीनं पहिली ओळ घेतल्यावर.

मंडपात माईकवाल्याशी भांडण्यात माझा वेळ गेला होता. गुंडा येऊन जागेवर बसला तेव्हा महिपतीआण्णांनी नारळ फोडलासुद्धा. पोरगी नवा परकर-पोलका घालून मधोमध बसली होती. पहिला सूर तिनं पेटीवर घेतला, स्वच्छ, चांदीच्या वाटीसारखा. आणि मग गुंडानं तार छेडली.

तार सुराच्या खाली होती. दुसरी त्याहून खाली. तिसरी कशीबशी जवळ. जाड तारा जुन्या बोटानं लावलेल्या. प्रत्येकीनं वेगळाच दगा दिला. मी गुडघ्यावर अंगठा उचलून खुणा करत होतो, वर, वर. पण गुंडाचे डोळे लेकीच्या ओठांवर खिळलेले. त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू, रोज संध्याकाळी तिला दाखवायचा तेच.

आरोही एक क्षण अडखळली. तिनं माझ्या पेटीकडं बघितलं, मग बापाकडं. मी भाता जोरात मारला, तिला ओढून वर धरावं म्हणून. माझी पेटी बरोबर होती आणि तिला ते ऐकू येत होतं. पण पेटीशी तिची ओळख कालची, आणि ती तार तिच्या जन्मापासूनची. तिनं पेटी सोडली आणि बापाच्या तारेमागं गेली. तार खाली, ही खाली. पुढची तार भलतीकडं, ही तिकडं. गाण्याची दैना झाली. पुढं बसलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. टाळवाला हसू दाबत होता. मला त्याच्या टाळक्यात पेटी घालावीशी वाटली.

कसंतरी ते संपलं. टाळ्या वाजल्या त्या लहान पोरगी आहे म्हणून. महिपतीआण्णांनी माईक हातात घेतला. माणूस वाईट नाही, पण समजूत काढताना जखमेवर बोट ठेवतो. "पोरगी अजून ल्हान हाय," ते म्हणाले. "सुराला कच्ची हाय, पर शिकंल. टेंभुर्णीला औंदा दुसरं कोनतरी बगू." आरोहीनं मान खाली घातली. ओढणी नव्हती तरी ती ओढणी सारखी करायला लागली.

महिपतीआण्णांचं तोंड गुंडाच्या बरोबर समोर होतं. त्यानं शब्द न् शब्द वाचला. आधी त्याला काही उमगलं नाही. त्याच्या लेखी गाणं उत्तम झालं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि त्याच्या गिटारीकडं बोट केलं. त्यानं एक तार दाबली, सोडली, पुन्हा दाबली. त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पोरीचा सूर घसरला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं. मीही गप्प होतो, कारण तसं वचन दिलेलं. गुंडानं हातातली कांडी खाली ठेवली. मग त्यानं गिटार मांडीवरून उतरवली, उठला आणि महिपतीआण्णांच्या हातातला माईक ओढून घेतला.

"पोरगी कच्ची न्हाय!" तो ओरडला. माईकला तोंड लावून एवढ्या मोठ्यानं, की कर्णा किंचाळला आणि लोकांनी कानांवर हात ठेवले. "गिटार चुकली. मी चुकलो. मला ऐकू येत न्हाय!"

मंडपात सामसूम झाली. पण त्याला ती कळली नाही. लोक गप्प आहेत की त्याच्या पाठीमागं हसताहेत, हे समजायला तो वळून वळून एकेकाचं तोंड बघत होता. इतका घाबरलेला माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. मायाक्का बायकांतून उठून उभी राहिली होती, तोंडाला पदर लावून. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून तो आणखीच घाबरला.

आरोही त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ मलाही दिसत होते आणि आवाजही येत होता. "पप्पा, मग तुम्ही रोज वा म्हणायचा, ते?"

गुंडाला सबब सांगायची सोय होती. थोडं थोडं येतं, तुझं येतं, असं काहीतरी. तो म्हणाला, "न्हाय आलं कदी. तुजं तोंड बगून म्हनत हुतो."

ती चपला घालून मंडपाबाहेर निघून गेली. गुंडा गिटार तिथंच टाकून तिच्या मागं गेला, मी गिटार उचलून दोघांच्या मागं. रस्त्यावर दिवे लागायला आले होते. ती झपाझप पुढं चालत होती, पाठमोरी, आणि तो दहा-पंधरा पावलं मागं. "आरू, काय म्हनतीस? काय म्हनतीयास का?" तो ओरडत होता. ती काही म्हणत असेल तर पाठीमागून त्याला कळणार नव्हतं. समोरून ट्रक येत होते, मागून येत होते, कर्णे वाजत होते, आणि तो रस्त्याच्या मधोमध तिच्या पाठीकडं बघत धावत होता. मी जीव खाऊन त्याला कडेला ओढला.

कोपऱ्यावरच्या टपरीच्या उजेडात ती थांबली आणि वळली. बापाकडं तोंड करून काहीतरी बोलली, सावकाश, ओठ नीट उघडून. ट्रकच्या आवाजात मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. गुंडानं ते ओठ वाचले, माझा हात सोडवला आणि तो तिच्याकडं चालायला लागला.